शेवटच्या फेरीतली एसटी

...आणि वर मला म्हणते, "काकाजी, पट्टा सैल करू नका, वळणावर बाहेर फेकले जाल!" बाहेर? कुठे बाहेर? अहो, रामदासपेठेत तिसऱ्या मजल्यावर, एसी लावलेल्या खोलीत, फरशीला बोल्टनं ठोकलेल्या खुर्चीत बसलोय मी, समोर पडदा, मागे पाण्याचा कॅन, आणि ही पोरगी म्हणते बाहेर फेकले जाल! आणि तुम्हाला सांगतो... फेकला गेलो! जागचा न हलता फेकला गेलो! गुडघा आपटला, चष्मा नाकावरून घसरून मांडीवर, सदुसष्टाव्या वर्षी तोंडातून "आई गं" निघालं, आणि गाडी कुठे? संत्र्याच्या बागेत! पडद्यावरच्या!

थांबा, नीट सांगतो. मी जागेश्वर निमजे. चव्वेचाळीस वर्षं नागपुरात बातमीदारी केली, दंगली पाहिल्या, पूर पाहिले, तीन संपादकांशी भांडलो, आता निवृत्त झालोय, पण रविवारचं सदर काही माझ्या हातून सुटत नाही. कोणाच्या बापाला घाबरलो नाही. आणि मला घाम कशानं फुटला? एका खुर्चीनं! तिला म्हणतात सिम्युलेटर. म्हणजे गाडी नाही, पण गाडीचं बाकी सगळं. स्टिअरिंग आहे, पेडलं आहेत, गिअर आहे, आणि ते स्टिअरिंग असं हिसके मारतं की जणू खाली खरोखरचा खड्डा आहे. म्हणजे बघा, आपल्या शहरात खड्डे फुकट मिळतात आणि ही मंडळी ते विकत घेऊन घरात बसवतात!

तर तीन आठवड्यांपूर्वी मी याच्यावरच सदर लिहिलं. चांगलं झोडपलं. "खुर्चीतले शूर" असं शीर्षक दिलं. म्हटलं, आमच्या काळी शर्यत म्हणजे शर्यत होती. दारं काढून टाकलेल्या फियाट, टपावर चुन्यानं काढलेले नंबर, वळणावर कडब्याच्या पेंढ्या, पट्टा नाही, धड हेल्मेट नाही, आणि पेट्रोलचा वास असा की घरी गेल्यावर बायको बनियान बाहेर वाळत घाले. हे आजचे हिरो खऱ्या वळणावर गेले तर कच खातील, जशी चौऱ्याऐंशी साली नरखेडच्या शर्यतीत आपल्या नागपूरच्या वामनरावांनी खाल्ली होती!

आता तुम्ही विचाराल, तुम्ही ते सिम्युलेटर पाहिलं होतं का हो, लिहिण्याआधी? नव्हतं पाहिलं. शनिवारी चारला सदर द्यावं लागतं, रामदासपेठेत जाऊन यायला दोन तास लागतात. एसटी काय कोणासाठी थांबते का? मी काय करणार होतो?

एसटीचं मध्येच काय आलं, असं वाटलं ना? ती माझी सवय आहे बोलण्याची. का लागली, ते येईलच.

सोमवारी फोन. "जागेश्वर काकाजी बोलून राहिले का? मी मयुरा. माझं सिम्युलेटरचं सेंटर आहे रामदासपेठेत. तुमचं सदर वाचलं. फार छान लिहिता तुम्ही." मी फुललो. "एकदा येऊन बसा ना आमच्याकडे. जुन्या शर्यतींचं खूप काही आहे, तुमच्यासारख्या जाणकारानं पाहायला पाहिजे." जाणकार म्हणाली हो! या एका शब्दावर मी आयुष्यात किती ठिकाणी फसलोय, त्याची मोजदाद नाही.

गेलो. आणि खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मी हरखलो. पडद्यावर साठ वर्षांपूर्वीच्या परदेशी गाड्या, सिगारसारख्या लांब, ड्रायव्हर वरून अर्धा उघडा, पेट्रोलच्या टाक्यांच्या मधोमध बसलेला. ते बोगदे, ती जंगलं, ती तिरकी भिंतीसारखी वळणं. "काकाजी, हा रस्ता आता नाही. तिथे झाडं उगवली," मयुरा सांगत होती. "पण इथे आहे. जगभरची माणसं जुने नकाशे, फोटो शोधतात, म्हाताऱ्या ड्रायव्हरांना विचारतात आणि एकेक वळण पुन्हा बनवतात. मोजून. चढ किती, उतार किती, सगळं." मला वाटलं, अरे, ही तर आपलीच जात! गेलेल्या गोष्टीचा माग काढणारी. फरक एवढाच की हे लोक मोजतात.

मग म्हणाली, "मी पण एक बनवलाय. बघा बरं ओळखता का."

पडदा बदलला. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. मधून डांबराची अरुंद पट्टी. विहीर, पंपाची खोली, पुढे उजवीकडे वळण आणि वळणाच्या पलीकडे मोठा रस्ता, फाट्यावर एसटीच्या थांब्याची पत्र्याची शेड.

"नरखेड!" मी ओरडलो. "कोणी सांगितलं तुला हे?"

"मी सांगतलं," मागून आवाज. "मी काही मेलो नाही अजून."

वळून बघतो तर प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात चहाचा कप, वामनराव! ऐंशीला टेकलेले. सदर नावाच्या वस्तीतले गॅरेजवाले वामनराव! मयुरा त्यांची नात! मला कोणी सांगितलं होतं का? नाही! याला म्हणतात सापळा. मी उठायला गेलो तर पट्टा. चार ठिकाणी बांधलेला! तो कसा सुटतो, ते फक्त त्या पोरीला माहीत!

"बस ना गा पत्रकार," वामनराव म्हणाले. "एवढी काहून घाई करून राहिला? एसटी आली का?"

आता ही एसटी सांगतो. चौऱ्याऐंशीचा जानेवारी. मी पंचवीस वर्षांचा. बाप मागावर बसून लुगडी विणायचा, आणि मी घरातला पहिला पदवीधर, खांद्याला शबनम पिशवी, डोक्यात हवा. नरखेडच्या बाजूला दहा फेऱ्यांची शर्यत. तेव्हा बातमी पाठवायची कशी? फोन लागत नसे. मजकूर पाकिटात घालायचा, फाट्यावर एसटी आली की कंडक्टरच्या हातात द्यायचा, नागपूरच्या स्टँडवर आमचा शिपाई घेणार. सव्वाचारची गाडी. ती चुकली की बातमी गेली, म्हणजे समजा नोकरीच गेली. शर्यत सुरू व्हायची दोनला, पाहुण्यांचे हार संपेपर्यंत वाजले तीन. मी काय केलं, बातमी आधीच लिहून ठेवली! वातावरण, गर्दी, पाहुणे, सगळं. शेवटी तीन ओळी मोकळ्या, निकालासाठी. सगळेच करायचे तसं. शेवटची फेरी सुरू झाली, वामनराव पहिले, आणि एसटीचा हॉर्न! मी पाकीट घेऊन झाडांतून सरळ धावलो. फाट्यावर पोचतो तोच मागे कर्रर्र आवाज. वळून बघतो तर वामनरावांची फियाट बागेत, टपावर संत्री पडतायत, आणि मुंबईहून आलेला एक गॉगलवाला पुढे निघून पहिला. एसटी सुरू होती, कंडक्टर ओरडत होता, "द्या ना बाप्पा लवकर!" मी बसच्या पत्र्यावर कागद टेकवून लिहिलं, शेवटच्या वळणावर वामनरावांनी कच खाल्ली. दिलं पाकीट. एसटी काय कोणासाठी थांबते का? मी काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मथळ्यात! मी खूश. गाड्यांचे सुटे पार्ट विकणारा एक शेठ वामनरावांना मद्रासच्या शर्यतीला पाठवणार होता, त्यानं पेपर वाचला आणि हात वर केले. वामनराव त्यानंतर कुठल्याही शर्यतीत उतरले नाहीत. आणि गॅरेजात गिऱ्हाईक गाडी टाकायला आलं की विचारायचं, "ब्रेक तर मस्त लावता ना, वामनराव?" एकेचाळीस वर्षं! आणि गेल्या महिन्यात पुन्हा मीच ते सदरात उकरून काढलेलं!

"चालव," वामनराव म्हणाले.

चालवली. पहिल्याच वळणाला बाग. वामनराव म्हणाले, "पुन्हा." दुसऱ्यांदा विहीर. "पुन्हा." तिसऱ्यांदा पंपाची खोली फोडली. "पुन्हा." अहो, खोटी गाडी, खोटी विहीर, पण छातीतली धडधड खरी! पेडल दाबून दाबून पाय असा भरून आला की मला बाप आठवला. मागाखालच्या पट्ट्या दिवसभर पायानं दाबायचा आणि मी म्हणायचो, त्यात काय विशेष! मयुरा मागून, "काकाजी, आधी सरळ असताना ब्रेक, मग वळवा. वळताना नाही." मी चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं त्यांनी कुठे ब्रेक लावायला हवा होता, आणि मला विहीर चुकवता येईना!

तासाभरानं, कासवाच्या गतीनं, पण नऊ फेऱ्या झाल्या. झाल्या! मी मनात म्हटलं, वामनराव, बघा. दहावी फेरी. वळणावर आलो, आणि उजव्या बाजूच्या झाडांतून एक माणूस गाडीपुढे! माझा पाय आपोआप ब्रेकवर. गाडी आडवी. बाग.

"हे काय?" मी भडकलो. "माणूस कुठून आला मध्ये? ही चिटिंग आहे!"

"पुन्हा," वामनराव.

मयुरानं मला थेट दहाव्या फेरीपासून सुरू करून दिलं. पुन्हा तोच माणूस, पुन्हा ब्रेक, पुन्हा बाग. तिसऱ्यांदा मी माणसाकडे नीट पाहिलं. पांढरा बुशशर्ट. खांद्याला पिशवी. एक हात वर, हातात पाकीट. रस्त्याकडे बघतच नाही गाढव, नजर समोर. समोर काय? पत्र्याची शेड आणि लाल एसटी!

तुम्हाला सांगतो, एसी सोळावर होता आणि माझ्या कानामागून घाम.

"वामनराव," मी म्हटलं, "तो... मी?"

"मंग कोण, गव्हर्नर?"

"पण मी तर... मला तर मागे आवाज आला फक्त!"

"येईनच ना मांगं. तू समोर पाहून राहिला होता."

"मग सांगितलं का नाही? एकेचाळीस वर्षं!"

"आलो होतो ना गा तुह्या ऑफिसात. तीनदा. शिपाई म्हणे, साहेब बाहेरगावी आहेत." चहाचा घोट. "मंग म्हटलं, जाऊ दे. माणूस जिता आहे ना? लिहून राहिला आहे ना? झालं."

मी चष्मा पुसत बसलो. मी! ज्याला तीन संपादक गप्प करू शकले नाहीत!

"आता एक डाव अजून," ते म्हणाले. "ह्या टायमाले ब्रेक नको लावू. काही झालं तरी."

दहावी फेरी. झाडं, वळण, पांढरा बुशशर्ट. ॲक्सिलरेटरवरून माझा पाय उचलला जात होता, मी दात आवळून तो दाबून धरला. समोर तो पंचवीस वर्षांचा मूर्ख, हातात पाकीट... आणि स्टिअरिंगला एक हलकासा हिसका बसला. बस, एवढाच. रस्ता मोकळा. पडद्यावर झेंडे, टाळ्या, पिवळ्या अक्षरांत "प्रथम क्रमांक".

वामनराव खुर्चीतून उठले. पडद्याजवळ गेले. ती पिवळी अक्षरं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच करायचं होतं मले त्या दिवशी. लय सोपं होतं." आणि कप ठेवून बाहेर गेले. मयुरानं माझा पट्टा सोडला.

घरी आलो आणि लिहायला बसलो. नऊशे शब्द! सगळं कबूल केलं. पाकीट, एसटी, तीन मोकळ्या ओळी. लिहिलं की वामनरावांनी कच खाल्ली नव्हती, शर्यत सोडून माणूस वाचवला होता आणि तो माणूस मी आहे. पहिल्या पानावर घ्या म्हणून डेस्कवरच्या पायलला स्वतः फोन केला. पायल म्हणजे आमच्याकडची नवी उपसंपादक, हुशार मुलगी, दोन वर्षं झाली लागून. "घेते सर, नक्की घेते."

सकाळी पेपर उघडला. पान सात. खालचा कोपरा. चार ओळी! रामदासपेठेत ज्येष्ठ पत्रकारांनी सिम्युलेटरवर हात आजमावला, वळणावर गाडी बागेत गेली, उपस्थितांनी आनंद लुटला. वामनरावांचं नावच नाही! आणि वर मथळा... काय मथळा असेल? "शेवटच्या वळणावर निमजेंनी कच खाल्ली"!

अहो, त्याच पावली रिक्षा केली. वामनरावांच्या पाया पडून सांगायचं होतं की मी हे लिहिलं नव्हतं. गॅरेजवर पोचतो तर म्हातारा स्टुलावर उभा! गॅरेजच्या भिंतीवर चौऱ्याऐंशीचं ते पिवळं कात्रण काचेच्या फ्रेममध्ये, आणि त्याच्या शेजारी खळ लावून आजचं चिकटवतोय!

"ये ना गा," म्हणाला, "पाहा, आता जोडी जमली."

मला राहवेना. तिथूनच पायलला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला, म्हटलं ऐकू दे म्हाताऱ्याला. "पायल! तू पूर्ण वाचलं होतंस का? त्या माणसाचं नाव होतं त्यात! एकेचाळीस वर्षांनी त्यावरचा डाग जाणार होता!"

"सर, सॉरी... सुरुवातीच्या चार ओळी वाचल्या, पण नंतर मोठी जाहिरात आली. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. प्रेस काय कोणासाठी थांबते का, सर? मी काय करणार होते?"

मी वामनरावांकडे पाहिलं. वामनराव माझ्याकडे. म्हातारा स्टुलावरून हळूच उतरला, खळीचे हात पुसले आणि माझ्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाला, "बरोबर आहे बाई तुहं. तू लय मोठी पत्रकार होशीन."