टिकली नसलेला माईक

—बंद करतो की, मामा, न्हाई कुठं म्हणतोय मी, पर आधी टेका जरा खुर्चीवर, धाप लागलीय तुमाला. नवरीचे मामा ना तुमी? फेट्यावरनंच वळखलं. मुहूर्ताला अजून येळ हाय, नवरदेव आत्ता कुठं मारुतीच्या पाया पडाय निघालाय, बँड ऐकू येतोय न्हवं— मग. काय म्हणालात, माझं ‘हॅलो, हॅलो’ तुमच्या कार्यालयात वाजतंय? वाजणारच. रस्त्याच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला तुमी, आन् दोन्हीकडचे माईक बिनवायरचे, एकाच चॅनेलवर. भटजींनी तोंड उघडावं आन् स्पीकरमधनं माझा खोकला यावा, पाव्हणे हसणारच की. एक सांगा, तुमच्या तिथल्या माईकच्या बुडाला टिकली हाय का? बायका कपाळाला लावत्यात तसली, चिकटवायची. न्हाई ना. मग साउंडवाला सुदर्शनच.

वळखतो म्हंजी— एका ताटात जेवलोय आम्ही. नदीच्या पल्याड, शिरूरच्या अंगाला आमचं गाव. हे यवतचं दुकान तुमी आता बघताय, तवा ह्यातलं काय न्हवतं, एक ॲम्प्लिफायर, चार कर्णे आन् दोघांत मिळून एक एम-एटी गाडी. बिनवायरचे माईक निघाले तवा पुण्याला जाऊन दोन आणले, त्याच्या ओट्यावर बसून चालू केले, तर मी बोलतोय माझ्या माईकात आन् आवाज निघतोय त्याच्या रिसीव्हरच्या डब्यातनं. पोट धरधरून हसलो. मग कळलं, त्या दुकानदाराकडचा सगळा माल एकाच चॅनेलचा— परत गेलो, एक बदलून आणला. कसं हाय मामा, आकाशवाणीला, पोलिसांच्या वायरलेसला, दौंडच्या रेल्वेला सरकार हवेत पट्टे पाडून देतं. हा तुझा, त्यो त्याचा, एकमेकाचा बांध कोरायचा न्हाई. आमच्यासारख्या माईकवाल्याला कोण पट्टा पाडून देणार? आपलं आपणच ठरवायचं. आमचंबी ठरलं. माझ्या बहिणीनं, करुणानं, तिच्या पाकिटातल्या टिकल्या काढून लावल्या, लाल त्याला, हिरवी मला. देवाची यात्रा आन् चौदा एप्रिलची जयंती कवा कवा एकाच आठवड्यात पडती, मग देवळापुढं लाल, आमच्या समाजमंदिरापुढं हिरवा. मधी एक गल्ली, पर कवा तक्रार न्हाई. आन् नवा माईक आणला तर पहिला दुसऱ्याला दाखवायचा— लिहून न्हाई, नुसतं बोलून. बोलणंच पुरत व्हतं की तवा.

मग एका साली यात्रा आन् जयंती एकाच दिवशी आली. त्याचा लाल पडून फुटला, दौंडातनं घाईत दुसरा उचलून आणला त्यानं, बिनटिकलीचा. मला दाखवला न्हाई. आता यात्रेची गडबड, माणूस इसरतो, त्याचं मला काय न्हाई मामा, आजबी न्हाई. सांजच्याला करुणा स्टेजवर उभी राहिली. पहिल्यांदा गाणार व्हती, बाबासाहेबांचं गाणं, तिनंच जुळवलेलं, आमची आई पुढं सतरंजीवर बसलेली. पहिलं कडवं उचललं तिनं, आन् त्यो आवाज देवळापुढच्या सगळ्या कर्ण्यांतनं, ऐन आरतीत. आली की माणसं धावत— मुद्दाम घुसवलं म्हणं. आणखी काय काय म्हणाले, ते तुमच्या पोरीच्या लग्नादिवशी कशाला तोंडात घेऊ. मी म्हणलं, थांबा, हे माईकचं हाय, डब्याला काय कळतंय गाणं कुणाचं आन् आरती कुणाची, सुदर्शनला इचारा. सगळे त्याच्याकडं बघाय लागले. एवढंच म्हणायचं व्हतं त्यानं— ‘माझा माईक ह्याच्या चॅनेलवर आलाय, चूक माझी.’ एवढंच. त्यो वायर गुंडाळत व्हता, अंगठ्यावरनं कोपरावर, कोपरावरनं अंगठ्यावर, मान खाली. म्हणला, ‘मला त्यातलं काय म्हाईत न्हाई.’ लोकांना घाबरला, हेबी समजतं मला. पर मग दुसऱ्या दिवशी तरी यायचं. चौथ्या दिवशी यायचं. आमचा स्टेज उतरवला, करुणा खाली आली ती आलीच, पुन्हा माईक धरला न्हाई तिनं. आता हडपसरला दिलीय, लेकरं हायती, पर त्यांना निजवतानाबी गुणगुणत न्हाई. मी गाव सोडलं. बोर्ड बघितला न्हवं बाहेर, ‘करुणा साउंड’? रस्त्याच्या त्या अंगाहून चांगला वाचता येतो.

चॅनेल बदलता येत न्हाई का म्हणता? येतो की. त्या कपाटात दुसऱ्या चॅनेलचे माईक हायती, नवे, पेटीतनं काढलेबी न्हाईत. मग हाच का चालवतो... आता काय सांगायचं तुमाला. सकाळी त्याचा टेम्पो कार्यालयापुढं लागलेला बघितला मी. तवापासनं ‘हॅलो, हॅलो’ करत बसलोय. गिऱ्हाईक न्हाई, टेस्टिंग न्हाई, काय न्हाई. म्हणलं, ऐकू गेलं की येईल रस्ता वलांडून, बंद कर म्हणाय तरी येईल. दारात उभा राहिला असता तरी चाललं असतं मला, काय बोलायचीबी गरज न्हवती. आन् त्यानं धाडलं तुमाला. नवरीच्या मामाला, ऐन लग्नात.

बरं, ऱ्हावं द्या. उठा. नवरीला मांडवात तुमीच आणणार, तुमाला अडकवून ठेवणं बराबर न्हाई. हे बघा, बटण बंद केलं. झालं समाधान? आता वाजवा म्हणावं बिनघोर—

थांबा. थांबा जरा. हे आपल्याच डब्यातनं येतंय. माझा बंद झाला ना, आता त्याचा माईक हिकडं वाजतोय. त्योच बोलतोय. त्याचा आवाज हाय ह्यो, किती वर्सांनी... काय म्हणतोय? कोण तरी इचारतंय त्याला, समोरच्या साउंडवाल्याची वळख हाय का म्हणून. गप बसा मामा, ऐकू द्या.

...

‘न्हाई बा. आसंल कोण तरी नवीन. आपली काय वळख न्हाई.’

...

माझ्या हाताकडं काय बघताय? मी न्हाई बोलणार त्या माईकात. पोरगी पाटावर उभी ऱ्हायची हाय, तिनं काय केलंय माझं. पलीकडं काय सांगू नका, ऐकलं म्हणून सांगू नका. ह्यो डबापण बंद करतो. आन् त्या नव्या माईकच्या कपाटाची चावी तेवढी द्या हिकडं, तुमच्या मागं खिळ्याला हाय.

हां. जावा आता. दार ओढून घ्या.