गरम पाणी उजवीकडे

या, जरा जवळ सरकून बसा, एक छोटीशी गोष्ट ऐका. नळसामानाच्या दुकानात शिंपीणकाकू रांगेत उभ्या होत्या. पुढची बाई दोन चाव्यांचा नवा नळ हातात घेऊन दुकानदाराला विचारत होती.

“दादा, बेसिनचा नळ मीच बसवणार आहे. गरम पाण्याची नळी उजवीकडे जोडली तर चालेल ना?”

“अहो ताई, गरम पाणी डावीकडे असतं.”

“आमच्याकडे पहिल्यापासून उलटं आहे.”

“कुठल्या शहाण्यानं बसवलं?”

“सासऱ्यांनी. सासूबाईंनी त्यावरून जन्मभर टोमणे मारले त्यांना.”

“मग आता करून टाका की सरळ!”

“सासूबाईंना आता दिसत नाही हो. गार पाण्यासाठी हात आपसूक डावीकडे जातो. सरळ केलं तर भाजेल ना!”

“अरे देवा! आणि सासरे?”

“ते गेले. काल जुना नळ काढायला घेतला, तर म्हणाल्या, ‘सूनबाई, त्यांची चूक तेवढी दुरुस्त करू नकोस गं.’”

“आणा तो नळ इकडे. चाव्यांवरचे लाल-निळे ठिपके अदलाबदल करून देतो, नाहीतर पाहुणे भाजतील.”

काकूंनी पदरानं डोळे टिपले.

तेव्हा मंडळी, नळाखाली हात धराल, तेव्हा त्या सासऱ्यांची एकदा आठवण काढा.