उजवीकडून पहिलं चित्र

भाची : मावशी, शिडीवरून आधी खाली उतर. या भिंतीवर चित्रांचा घोळ झालाय!

मावशी : घोळबिळ काही नाही. आता दार उघडायचंय, चित्रकार बाई येतीलच. मी मांडलेलं हे पहिलंच प्रदर्शन. तू आणखी भर घालू नकोस.

भाची : अगं, बघ तर! डावीकडून रिकामी खोली, मग जहाज, मग ट्रंका भरताहेत, शेवटी घरातली सगळी टेबलाशी, मेणबत्त्या लावून.

मावशी : म्हणजे परत आली. गोड शेवट.

भाची : आणि दाराच्या चौकटीवरची ती तिरकी डबी?

मावशी : मेझुझा. आत प्रार्थना असते. ज्यू माणसं येता-जाता तिला हात लावतात.

भाची : टेबलाच्या चित्रात ती आहे. रिकाम्या खोलीत नुसती खिळ्यांची भोकं! आधी भोकं कशी पडतील?

मावशी : घर वेगळं असेल.

भाची : तोच निळा दरवाजा, तोच तडकलेला उंबरा! आणि सही बघ. हिब्रू. उजवीकडून डावीकडे!

मावशी : अगं बाई! त्या ‘ओळीनं लावा’ म्हणाल्या, मी त्यांची ओळ तशीच टांगली; पण आपली माणसं डावीकडूनच बघणार! शाळेत असतं का गं एवढं लक्ष?

भाची : शाळेत भिंती कोऱ्या असतात. चल, मी शिडी धरते.

मावशी : थांब. दार वाजलं. त्याच! मेले मी.

चित्रकार आजी : दोघी अशा पांढऱ्याफटक का? भूत नाही, मीच आलेय.

मावशी : बाई, माफ करा, फार मोठी चूक झाली...

भाची : आजी, तुमची गोष्ट उलटी टांगली आम्ही! म्हणजे मावशीनं. चूक शोधली मी.

चित्रकार आजी : बघू तरी.

(आजी डावीकडून एकेका चित्रापुढे थांबत जातात.)

चित्रकार आजी : ही खोली मी मनानंच काढली. आमच्यामागं तिचं काय झालं, कोणी सांगितलंच नाही. जहाज... ट्रंका... अरेच्चा.

भाची : टेबलाशी वेणीवाली तुम्ही?

चित्रकार आजी : ती ताई. मी टेबलाखाली, तिची चप्पल लपवतेय. हा बघ पाय.

मावशी : बाई, आत्ता बदलते सगळं.

चित्रकार आजी : त्या डबीला पुन्हा हात लागला नाही गं आमच्यापैकी कोणाचा.

भाची : मग शिडी आणू?

चित्रकार आजी : उद्या आण. आजच्या दिवस येऊ देत सगळ्यांना घरी.