डाव्या हातावरची लाली

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष संचालक प्यो सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या बान इन्सुक मॅडम, त्यांचे यजमान, चाचणीसाठी वर्षानुवर्षं आपली पाठ आमच्या हवाली करणारे स्वयंसेवक आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मॅडमनी आपल्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांत त्वचेच्या क्रीमसाठी किती वनस्पतींचे अर्क तपासले, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी एकाच अर्काबद्दल बोलणार आहे. प्यो सर, आपल्याला प्रकरण ठाऊक आहे. इथल्या नव्या मुलांना नाही.

मी यो सोहुई. सहा वर्षांपूर्वी मला इथे नोकरीला लागून चार महिने झाले होते. गांगह्वा बेटावरच्या ग्योन आजी आपल्याला नागदवणा या औषधी वनस्पतीची वाळवलेली पानं पाठवायच्या. त्यांच्या अर्काचं क्रीम बाजारात यायचं होतं. आईच्या शस्त्रक्रियेसाठी मॅडम रजेवर होत्या, म्हणून चाचणी माझ्याकडे आली. बत्तीस जणांच्या पाठीवर अर्क लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या. काढल्या, तर अकरा जणांची कातडी लालबुंद. मी अहवाल दिला आणि आजींना कळवण्यात आलं की यापुढे पानं नकोत.

मॅडम परतल्या, अहवाल वाचला आणि एवढंच म्हणाल्या की, ही पानं मी तीन वर्षं उघड्या हातांनी निवडतेय. मग त्यांनी माझ्या बाटलीत उरलेला अर्क स्वतःच्या डाव्या हाताला लावला, आणि स्वतः नव्याने केलेला उजव्या हाताला. दोन दिवसांनी डावा हात लाल, उजवा स्वच्छ. माझी प्रयोगाची वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि चहा करायला गेल्या.

चूक पहिल्याच पानावर होती. पातळ अर्काच्या मापाने मी अर्काची सुकवलेली भुकटी घातली होती. कित्येक पट जहाल. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली.

मॅडम चहा घेऊन आल्या. "आजींना कोण सांगणार? तू की मी?"

"मी," म्हटलं.

"बरं. गाडी मी चालवते."

निघण्याआधी त्यांनी माझ्याकडून त्या अकराही जणांना फोन करवले आणि प्यो सरांच्या दालनात मला एकटीलाच पाठवलं. सर, त्या दिवशी आपण जे बोललात, ते आज सभागृहाला सांगत नाही.

आम्ही बेटावर पोचलो, तेव्हा आजींनी अर्धं शेत खणून काढलं होतं. रताळी लावायची होती. मी वाकून सगळं सांगितलं. आजींनी मातीचं एक ढेकूळ उचलून हातानेच फोडलं.

"मी तर माझ्याच हातांना दोष देत होते, पोरी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, म्हातारपणी पानं नीट धुतली गेली नसतील."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मॅडमनी बाह्या सारून आपले दोन्ही हात आजींपुढे धरले आणि उजव्या हातावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तुमची पानं."

आजींनी त्या हातावरून बोटं फिरवली. मग डाव्या हाताकडे पाहून मला म्हणाल्या, "आणि हा तुझा प्रताप होय?" तेव्हा कुठे त्या हसल्या.

उरलेलं अर्धं शेत वाचलं. खणलेल्या भागातही मुळं राहिली होती. पुढच्या वसंतात रताळ्यांच्या आधी नागदवणाच उगवला. क्रीम दीड वर्ष उशिरा आलं. आजी गेल्या वर्षापर्यंत पानं पाठवत होत्या. आता त्यांची सून पाठवते. आणि मला कामावरून काढू नये, असं मॅडमनी वर लेखी कळवलं होतं, हे मला या सोमवारी, त्यांचं कपाट आवरताना कळलं. सहा वर्षांत त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मॅडम, मी आपली फार फार ऋणी आहे. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. हे भाषण मी मॅडमना आधी तपासायला दिलेलं नाही, त्यामुळे यात चुका असणारच. त्या आपण पोटात घालाव्यात. मॅडम घालणार नाहीत, हे मला माहीत आहे. आणि त्यासाठीच त्यांना माझा वाकून नमस्कार.