आज क्रीम कोण चाखतंय?

लॅबच्या बाकावर मास्तरीणबाईंनी पेपर उघडला खरा, पण कान लागले समोरच्या टेबलाकडे. तिथे बेकरीवाले काका बाही वर सारून बसले होते आणि रक्त घेणारी ताई त्यांची उलटतपासणी घेत होती.

"शुगर आणि इन्सुलिन, दोन्ही उपाशीपोटी. रात्रीपासून काही खाल्लंत?"

"फक्त पाणी."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"तेव्हा पहाटे केकचं क्रीम चाखलं होतं. ते काय खाणं असतं?"

"असतं, काका! सकाळची गोळी?"

"खिशात आहे. डॉक्टर म्हणाले, रक्त दिल्यावर घ्या."

"शाब्बास! मग आज बेकरी बंद?"

"छे! धाकटा भाऊ बघतोय."

"त्याच्याशी तर बोलणं नव्हतं ना तुमचं?"

"नव्हतंच. हिने तपासणीचं त्याच्या कानावर घातलं, तर पहाटे दारात हजर! म्हणाला, दादा, आज चाखायचं काम माझं."

"हात सैल सोडा."

"मघाशी त्याचा फोन आला. क्रीममध्ये साखर कमी पडलीय म्हणे."

"मग?"

"म्हटलं, असू दे. तुझ्या हातचं आहे, तसंच लाव केकला."

"झालं. कापूस दाबून धरा."

"धरतो. ताई, आता चहा चालेल ना? तो थांबलाय माझ्यासाठी."