पल्लवीची डिश

आमच्या पल्लवीचं ऐका. पोरगी भूगर्भशास्त्र शिकली अन् कॅनडात नोकरीले लागली. तिले बर्फातल्या कॅम्पावर जायचं होतं, अन् तिथं मोबाईलचा टॉवरच नाई. म्हणून सॅटेलाइटचं यंत्र घ्यायले ती दुकानात गेली. तिथूनच तिनं आम्हाले इकडं गावी, सिंदीले, व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, हे यंत्र खिशात मावते, पण यावरून फक्त मेसेज जाते. दुसरी डिश आहे. तिच्यावर असा व्हिडिओ कॉल होते, पण बॅटरीसकट पाठीवर वागवा लागते."

मी म्हटलं, "लहानच घे. अडचणीत मेसेज पुरते."

"हो, रोज 'मी बरी आहे' म्हणून पाठवीन."

तिच्या आईनं माझ्या हातातला फोन घेतला. "तू तापानं फणफणली तरी तेच लिहिशीन. डिश घे."

पल्लवीनं डिश घेतली.

मग कॅम्पावरून पहिला कॉल आला. टोपीत गुंडाळलेली, गाल थंडीनं लाल झालेले. "आई, जेवली का?" इतकं म्हणते तोच चित्र थिजलं अन् आवाज गेला.

मी म्हटलं, "बंद करतो, पुन्हा लावू."

"राहू द्या," बायको म्हणाली. "नाईतर पोरगी इतका वेळ माह्यासमोर कधी थांबते?"