स्थळाची चौकशी

तुम्ही हसताय, पण त्या दिवशी माझी चांगलीच जिरली. मुलीला स्थळ आलं, आमच्याच गावाकडचं. आम्ही शनिवार पेठेतले, चौकशी केल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा घेत नाही. मी थेट तालुक्याच्या कोर्टात गेलो. कारकुनाला म्हटलं, "अहो, या मुलावर एखादी केस आहे का, तेवढं बघा."

त्याने रजिस्टर चाळलं. "मुलगा स्वच्छ आहे. आपलं नाव?"

मी ऐटीत सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मुलाचे वडील सोमवारीच येऊन गेले. तुमचं नाव शोधत होते."

"शोधू देत की! माझं काय सापडणार?"

"वॉरंट."

मग आठवलं. गावच्या चुलतभावाला मारामारीत पकडलं, तेव्हा मी त्याला जामीन राहिलो होतो. एक सही केली आणि विसरलो. तो पठ्ठ्या तारखांना फिरकलाच नाही, आणि माझ्या नोटिसा गावच्या बंद घरावर चिकटत राहिल्या!

मी हळूच दाराकडे वळलो.

"बसा हो," कारकून म्हणाला. "हवालदार चहाला गेलेत. वर्षभर तुमचा पुण्याचा पत्ता शोधतायत बिचारे."